वाचून न दाखवायचा पर्याय

सोमवार, ४ नोव्हेंबर

माजी सूनबाईंना,

मायना लिहितानाच पेन अडलं बघ. 'चि.' लिहावं तर तू म्हणशील, कोण चिरंजीव आणि कुणाची. 'सौ.' आता चालायचंच नाही. 'श्रीमती' लिहिलं तर बँकेची नोटीस आल्यासारखं वाटतं. शेवटी कागदावर जे आहे तेच लिहून टाकलं. राग आला तर येऊ दे, निदान काहीतरी येईल. फोन तर तू उचलत नाहीस. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून परक्यांचे फोन जोडून दिले आणि आपल्याच माणसाकडे लाइन लागत नाही, म्हणजे कमाल झाली.

बातमी अशी की मला नोकरी लागली. हसू नकोस. वॉर्डाच्या निवडणुकीआधी आपल्या इथला पेपर लोकांचं मत विचारून घेणार आहे. त्याचं ऑफिस चष्म्याच्या दुकानाच्या वर उघडलंय, एक टेबल, चार खुर्च्या आणि न चालणारा पंखा. तिथे एक तरुण साहेब बसतो. बोलताना दर वाक्यात टक्के आणतो, म्हणून मी त्याचं नाव टक्केसाहेब ठेवलंय. त्याने मला एक कागद मोठ्याने वाचायला दिला. मी वाचला. तो म्हणाला, "मावशी, तुमच्या आवाजावरून तुम्हाला काय वाटतं ते अजिबात कळत नाही." मी म्हटलं, "बाळा, माझ्या नवऱ्यालाही कधी कळलं नाही." लगेच घेतलं मला.

यातले नियम ऐक, तुला आवडतील. तुला नियम फार आवडायचे. रस्त्यातलं दर सातवं दार. दार उघडेल त्याला विचारायचं नाही. घरात ज्याचा वाढदिवस सगळ्यात आधी येणार असेल त्याला विचारायचं, नाहीतर प्रत्येक घरात बनियनवर बसलेला कर्ता पुरुषच बोलत राहतो. प्रश्न छापलाय तसाच वाचायचा. उत्तर ऐकून मान हलवायची नाही, 'अगंबाई' म्हणायचं नाही. आणि सगळ्यात गंमत म्हणजे 'सांगता येत नाही' हा पर्याय कागदावर छापलेला असतो, पण तो वाचून दाखवायचा नाही. समोरचा आपण होऊन म्हणाला तरच त्यावर खूण करायची. असं कुणी म्हणालंच, तर त्याला हळूच आणखी एक विचारायचं, "आज ठरवायचीच वेळ आली तर कल कुणीकडे?" साहेब म्हणतो, तेव्हा बहुतेक माणसं कुठेतरी झुकतात.

हे सगळं शिकवून झाल्यावर त्याने माझ्यापुढे उमेदवारांची यादी ठेवली. चार नावं. एक सध्याचे नगरसेवक. दुसरा बेकरीवाला, त्याच्या नावापुढे कंसात 'बेकरीवाले' असंच छापलंय. तिसरे रिटायर झालेले हेडमास्तर. आणि चौथं नाव तुझं, माहेरच्या आडनावासकट. मला ते असं कळलं, चष्म्याच्या दुकानावर, परक्या मुलाच्या टेबलावर. पाठोपाठ त्याने दुसरा कागद सरकवला: 'वरीलपैकी कुणाशी तुमचं नातं आहे का?'

मी 'नाही' वर खूण केली.

कागदोपत्री ते खरंच आहे. कोर्टात तुम्ही दोघं उभे राहिलात, तुम्ही सह्या केल्यात, तुमचं तुटलं. पण 'बाई, तुमचं काय?' असं मला कुणी विचारलं? माझी सही कुठेच नाही. एक दिवस सकाळी तुझा कप फडताळात नव्हता आणि मला समजायचं होतं ते समजून घ्यावं लागलं. त्या कागदावर मी 'हो' लिहिलं असतं तर नोकरी गेली असती. आणि मला ही नोकरी हवी आहे. तू मला काही सांगत नाहीस, तर लोक तुझ्याबद्दल काय सांगतात ते तरी ऐकू दे.

आणखी एक नियम राहिला. निकाल छापून येईपर्यंत उमेदवाराशी संपर्क ठेवायचा नाही. त्यामुळे हे पत्र पाकिटात घालून मी कपाटात ठेवणार आहे. तसंही तू ते उघडलं असतंस की नाही, देव जाणे.

तुझी कोण ते तूच ठरव.


गुरुवार, ७ नोव्हेंबर

माजी सूनबाई,

अगं, काय माणसं आहेत एकेक! मी इतकी वर्षं नुसते आवाज ऐकले, आता आवाजांना घरं मिळाली.

कालव्यापलीकडचा भाग माझ्याकडे आलाय. तू त्याच बाजूला कुठेतरी राहतेस हे मला ठाऊक आहे, म्हणून मी इतके दिवस तिकडे फिरकले नव्हते. आता रोज जाते, छातीवर ओळखपत्र लटकवून. पहिल्याच दारात एक जाडजूड गृहस्थ आले आणि म्हणाले, "विचारा, काय विचारायचं ते." मी म्हटलं, "घरात आधी वाढदिवस कुणाचा?" तो त्यांच्या सासूबाईंचा निघाला. म्हातारी आतल्या खोलीत रेडिओ ऐकत होती. तिला बाहेर बसवलं तर तिने पहिल्या प्रश्नालाच जावयाकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हा समोर असला की मी बोलत नाही." त्याला गॅलरीत जावं लागलं. मग काय बोलली म्हणून सांगू! गटार, भटकी कुत्री, बसथांब्याला नसलेलं छप्पर, जावयाचं घोरणं. घोरण्याला रकाना नव्हता, ते समासात लिहिलं.

दुसऱ्या घरी एक बँकेतला माणूस भेटला. प्रत्येक प्रश्नाला म्हणायचा, "यावर माझं मत राखून ठेवतो." एका घरी जुळ्या बहिणी निघाल्या, वाढदिवस एकाच दिवशी, आता कुणाला विचारायचं? मी साहेबाला फोन केला, तो म्हणाला नाणं उडवा. हरलेली बहीण रुसून बसली आणि जिंकलेली म्हणाली, मला राजकारणातलं काही कळत नाही.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या पानावर उमेदवारांचं विचारायचं असतं. नाव वाचायचं आणि मग, "या व्यक्तीला तुम्ही ओळखता का? चांगलं ओळखता, ऐकून आहात, की ओळखत नाही?" बेकरीवाल्याचं नाव वाचलं की लोक हसतात, पाव आठवतो त्यांना. नगरसेवकांच्या नावाला सुस्कारा. हेडमास्तरांच्या नावाला काही माणसं अजून सरळ होऊन बसतात. आणि तुझं नाव वाचलं की काहीही होत नाही. डोळे मिचकावतात. "कोण बुवा?" "नवीन आहेत का?" आज दिवसभरात एकाने सुद्धा ओळख दिली नाही. मी ते तोंडावरची रेष न हलवता लिहून घेतलं. एवढी कशाला उभी राहिलीस गं, कुणी ओळखत नसताना?

एक मात्र कोडं आहे. शेवटचा प्रश्न असतो, 'तुमच्या भागातलं काम कुणाला सांगावंसं वाटतं?' त्याला काही लिहून दिलेलं नसतं, लोक म्हणतील ते शब्दाला शब्द टिपायचं. तिथे जो तो म्हणतो, शिडीवाली. "शिडीवालीला सांगितलं की होतं." "खांबावरचा दिवा? शिडीवाली बघते." "तोंडाची फटकळ आहे, पण हाताची चोख." कोण ही बया? मला तर आता तिला बघायचीच उत्सुकता लागली आहे. एक माणूस तेवढा तिच्या नावाने कडाकडा बोटं मोडत होता, कारण त्याने खांबावरून चोरून घेतलेली वीज तिने जाऊन तोडली.

रात्री जेवताना तुझ्या माजी नवऱ्याने विचारलं, "कालव्यापलीकडे गेली होतीस?" मी हो म्हटलं. तो बराच वेळ पाणीच पीत राहिला. मग म्हणाला, "तिकडे हवा बरी आहे म्हणतात." हा त्याचा स्वभाव तुला माहीत आहेच. त्याला विचारायचं होतं एक आणि त्याने विचारली हवा.

तुझी कोण, ते अजून ठरायचंय.


मंगळवार, १२ नोव्हेंबर

अगं शिडीवाले,

तूच का ती!

सांगते कसं कळलं. काल माझं सातवं दार म्हणजे शिंप्याचं दुकान निघालं, वर त्याचं घर आहे म्हणून चालतं. वाढदिवस त्याचाच पहिला. मशीन न थांबवता तो उत्तरं देत होता, टाके आणि मतं एकाच वेगात. तुझं नाव वाचलं. म्हणाला, "नाही ओळखत. बाईमाणूस आहे का?" मी लिहिलं, ओळखत नाही. मग शेवटच्या प्रश्नाला म्हणाला, "ती काय, शिडीवाली. आत्ता येईलच, माझी ट्यूब सकाळपासून लुकलुकतेय."

आणि मी दारातून बाहेर बघते, तर तू! खांद्यावर ॲल्युमिनियमची शिडी, कमरेला पक्कड, आणि एका स्कूटरवाल्याला ओरडतेयस, "रस्ता तुझ्या बापाचा आहे का, शिडी दिसत नाही?" चाल तीच. केस कापलेस. मी काय करावं? उमेदवाराशी संपर्क नाही! मी सरळ कपडे घालून बघायच्या त्या पडद्यामागे शिरले. शिंपी म्हणाला, "अहो बाई, तुमचं माप कुठे घ्यायचंय?" मी बोटाने गप्प म्हटलं. त्याला वाटलं असेल, म्हातारीला वेड लागलं.

पडद्याला फट होती. आमच्याकडे होतीस तेव्हा मीटरच्या कारखान्यात टेबलाशी बसून कागद भरायचीस तू. घरी एकदा जेवणाच्या टेबलावर चढून फ्यूज बदललास, तर मी केवढी ओरडले होते, आठवतं? आता तू शिडीच्या वरच्या पायरीवर उभी होतीस, तोंडात स्क्रू धरून, आणि मला भीती वाटायच्या ऐवजी बघतच राहावंसं वाटलं. तुझ्या हाताखाली ट्यूब एका दमात लागली.

आणि तेवढ्यात तो शिंपी, चांगला माणूस, पण तोंडाला लगाम नाही, तुला म्हणाला, "आत्ताच एक बाई निवडणुकीची नावं विचारत होत्या. बेकरीवाला सोडला तर एकही नाव कामाचं नाही बघा. ती एक बाई कोण उभी आहे, तिचं तर नाव पण कधी ऐकलं नाही."

तुझा हात थांबला. मी पाहिलं ते. नंतर तू फक्त "हो का" म्हणालीस आणि शिडी मिटलीस. 'अहो, ती मीच' एवढं म्हणायला काय झालं होतं गं? पण नाही म्हणालीस. मला समजलं ते का. काम केल्यावर मत मागणं म्हणजे बिलात जास्तीचं काहीतरी लावण्यासारखं वाटलं असेल तुला. माझ्या घरी तरी असंच करायचीस, कामं सगळी करायचीस आणि कुणी विचारलं नाही की काही बोलायची नाहीस. आणि मग एक दिवस कप घेऊन निघून गेलीस.

तू गेल्यावर मी पडद्यामागेच बसून रडले. शिंप्याने पाणी आणून दिलं. मला म्हणाला, "फार लांबून आलात का?" मी म्हटलं, "हो, बरीच."

आता माझी पंचाईत ऐक. सगळा भाग तुला ओळखतो. जिथे जावं तिथे तू. आणि यादीतल्या त्या नावाला कुणी ओळखत नाही. मला जाऊन एकच वाक्य सांगायचं आहे त्यांना, "अहो, तीच ही." पण ते सांगायला मला बंदी आहे. मी रोज दारोदार जाऊन छापील आवाजात तुझं नाव वाचते आणि रोज तू माझ्याच हाताने हरतेस.

कोण ते आता मलाही कळेनासं झालंय.


शुक्रवार, १५ नोव्हेंबर, सकाळ

अगं,

हे पत्र मी कपाटात ठेवणार नाही. आधीची तीनही यासोबत आहेत. शिंप्याने तुझं विजेच्या सामानाचं दुकान दाखवलंय, त्याच्या शटरखालून आत सरकवणार आहे. सगळी वाच किंवा हे एकच वाच, पण उद्या दुपारी बाराच्या आत वाच.

काल सकाळी मी ऑफिसात गेले आणि टक्केसाहेबाला म्हटलं, "चौथ्या उमेदवाराला लोक ओळखतात, पण त्या नावाने नाही. तुमचा प्रश्न चुकलाय. बदला."

त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. चांगला मुलगा आहे तो. म्हणाला, "मावशी, मतपत्रिकेवर जे छापणार तेच आपण वाचतोय. मतदानाच्या खोलीत तुम्ही प्रत्येकाच्या शेजारी उभ्या राहून सांगणार आहात का, ही तीच शिडीवाली म्हणून?"

बरोबर बोलत होता. आमचा प्रश्न चुकलेला नाही, चुकलं आहे ते तुझं. ज्या नावाने तुला हाका मारतात ते नाव तू घरी ठेवून आलीस.

"मग बेकरीवाल्याचं कंसातलं?" मी विचारलं.

"त्यांनी अर्ज देऊन लावून घेतलं. कुणालाही लावता येतं. शनिवारी बारापर्यंत. माघार घ्यायची मुदत तीच."

मी खाली आले. चष्म्याच्या दुकानात नगरसेवकांचा एक माणूस नवी फ्रेम लावून आरशात बघत होता आणि दुकानदाराला सांगत होता, "ती चौथी शनिवारी माघार घेणार. सकाळी पेपरात आकडे आले की स्वतःच जाऊन सही करेल. आम्ही बोलून ठेवलंय तिच्याशी." मला शिंप्याच्या दुकानातला तुझा थांबलेला हात आठवला. हा माणूस खरं बोलतोय हे मला कळलं. तू हरायला घाबरत नाहीस. पण तुला कुणी ओळखतच नाही, हे एकदा छापून आलं की तू एक अक्षर न बोलता उठून जाशील. तू कशी जातेस ते मला ठाऊक आहे.

मी परत जिना चढले. म्हटलं, "साहेब, तो पहिल्या दिवशीचा कागद काढा. नात्याचा. मला उत्तर बदलायचंय."

त्याने कागद काढला. "कोण लागते?"

"चौथी. सून."

त्याने आमच्या दोघींची आडनावं ताडून पाहिली. "माजी सून?"

"तिच्याकडून माजी," मी म्हटलं. "माझ्याकडून नाही."

त्याने कपाळाला हात लावला. माझे सगळे फॉर्म बाद. कालव्यापलीकडचा अख्खा भाग दुसऱ्या कुणाकडून पुन्हा करून घ्यायचा, आणि तोही एका दिवसात. मला वाईट वाटलं त्याचं. "मग आधी खोटं का लिहिलंत?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "कोर्टाने लिहिलं तेच मी लिहिलं. कोर्टाला तू विचारायला जात नाहीस." ओळखपत्र गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं. दारापर्यंत गेले आणि वळले.

"साहेब, एक शंका. बाद झालेल्या फॉर्ममधलं जे आहे, ते सर्वेक्षण का?"

"नाही."

"मग काय?"

तो विचार करून म्हणाला, "काहीच नाही. गप्पा."

"आणि गप्पा सांगायला बंदी आहे का?"

त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसला. काच केव्हाच स्वच्छ झाली होती. म्हणाला, "मावशी, चष्म्याशिवाय मला नीट ऐकू येत नाही."

तर ही घे गप्पा. टक्के मी सांगत नाही, दुसऱ्यांच्या फॉर्ममध्ये काय आहे ते मी पाहिलेलं नाही आणि उद्या सकाळी ते तुला पेपरात दिसेलच. वाईट असेल. वाचून घे. मग हे वाच: रेडिओवाली म्हातारी म्हणते, शिडीवाली आली की माझ्याशी आधी बोलते, मग दिव्याशी. बँकेतल्या माणसाने सगळ्यावर मत राखून ठेवलं, फक्त एका प्रश्नाला पटकन उत्तर दिलं, शिडीवाली. जुळ्यांपैकी रुसलेली माझ्यामागे जिन्यापर्यंत आली, म्हणाली, मला नाही विचारलंत, पण माझं पण शिडीवालीच लिहा. वीजचोर म्हणतो, तिला मत देण्यापेक्षा मी अंधारात बसेन, आणि तसाही तो आता अंधारातच बसलाय. शिंपी म्हणतो, असली माणसं कुठे निवडणुकीला उभी राहतात!

माहेरचं नाव परत लावलंस तेव्हा मला राग आला होता. कशाला लपवू, फार आला होता. वाटलं, आमचं एवढं अंगावरून झटकून टाकायचं होतं का. पण आता या पायांनी फिरून कळलं. एक नाव तुला बापाने दिलं, एक आम्ही दिलं. हे तिसरं तुझं तू मिळवलंस. ते कंसात तरी लाव.

माघारीचा अर्ज ज्या खिडकीवर मिळतो त्याच खिडकीवर कंसाचाही मिळतो. मी विचारून आले आहे. तिथे गेल्यावर काय मागायचं ते तू ठरव, मी काही तुझ्याशेजारी उभी राहणार नाही.

आणि मला उत्तर पाठवलंच पाहिजेस असं काही नाही.

सासू


रविवार, २४ नोव्हेंबर, संध्याकाळ

सूनबाईंना,

आज काय झालं ते तुला माहीतच आहे, तू होतीसच. तरी लिहिते, कारण फॉर्म अर्धवट ठेवायची मला सवय राहिली नाही.

त्या शनिवारी पेपर आला. आकडे वाचून हा तुझा माजी नवरा नुसता गॅलरीत येरझाऱ्या घालत होता. मी दुपारी निवडणुकीच्या कचेरीत गेले. भिंतीवर यादी लावायला शिपाई खुर्चीवर चढला होता आणि त्याचा हात पोचत नव्हता. चार नावं. चौथ्या नावापुढे कंस होता. मी तो दोनदा वाचला. शेजारी तुझा शिंपी उभा होता, तो वाचून किंचाळलाच, "आयला, ही आपली शिडीवाली?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अहो बाई, तुम्ही त्या दिवशी नीट सांगायचं नाही का!" आता याला काय सांगायचं.

घरी येऊन वाट पाहिली. तू आली नाहीस, फोन नाही. मी म्हटलं ठीक आहे, नाव लावलंस हेच उत्तर.

आणि आज तू प्रचाराला आमच्या इमारतीत आलीस. तळमजल्यापासून एकेक दार वाजवत होतीस, मी आतून मोजत होते असं नाही, पण कान तिथेच होते. प्रचाराला शिडी घेऊन फिरणारी उमेदवार मी जन्मात पाहिली नाही. आमचं दार तू अगदी शेवटी वाजवलंस. हा पटकन वाळलेले कपडे काढायला गॅलरीत गेला. कपडे ओले होते.

दार उघडलं तर तू पत्रक पुढे केलंस आणि पाठ केल्यासारखं म्हणालीस, "नमस्कार, मी या वॉर्डातून..." मग थांबलीस. "अहो..." म्हणालीस आणि पुढचा शब्द गिळलास. तो शब्द कोणता ते मला माहीत आहे, इतकी वर्षं मी तो ऐकलाय.

अशा वेळी मला माझा जुना आवाज सापडतो, एक्स्चेंजचा. मी त्याच आवाजात म्हटलं, "मतदारांसाठी एक प्रश्न आहे, वाचते. दारात उभ्या असलेल्या या बाईंना तुम्ही ओळखता का? चांगलं ओळखता, ऐकून आहात, की ओळखत नाही?"

तू हसली नाहीस. मला वाटलं होतं हसशील. तू पत्रकाची घडी घातलीस, ती परत उलगडलीस आणि म्हणालीस, "सांगता येत नाही."

तो पर्याय मी वाचून दाखवला नव्हता. तू आपण होऊन म्हणालीस. म्हणजे खरं बोललीस. लागलं मला, पण खोटं 'चांगलं ओळखते' घेऊन मी काय केलं असतं?

मग नियमाप्रमाणे पुढचं विचारलं. "आज ठरवायचीच वेळ आली, तर कल कुणीकडे?"

तू शिडी खांद्यावरून उतरवलीस, भिंतीला टेकवलीस, ती घसरत नाही ना ते हाताने हलवून पाहिलंस, आणि चपला काढल्यास.

ते उत्तर मी लिहून घेतलं आहे.

तुझी सासू